कंटेनर इमेजची आपोआप बिल्ड भरवशाची कशी ठेवावी: गोव्यातल्या छोट्या टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

फर्मागुडीहून किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजातून पदवी घेऊन पणजी-पर्वरीतल्या छोट्या कंपनीत रुजू झालात की पहिल्या काही महिन्यांत एक काम हमखास वाट्याला येते: "सीआय लाल झालाय, जरा बघ." सीआय म्हणजे नवा कोड आपोआप बांधून तपासणारी व्यवस्था; लाल म्हणजे पडली, हिरवी म्हणजे पार पडली. कोड गिटमध्ये गेला की कंटेनर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेले गाठोडे) आपोआप तयार व्हावी (हीच बिल्ड), तपासली जावी आणि रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, जाऊन बसावी, अशी ही साखळी असते. ती उभी करायला एक दुपार पुरते. वर्षभर चालती ठेवण्यात खरी मेहनत आहे.

एक कसोटी आधीच ठरवून घ्या. बिल्ड पडायला हरकत नाही, पण ती तुम्ही केलेल्या बदलामुळे पडली पाहिजे. काल हिरवी होती, कोडला कुणी हात लावला नाही आणि आज लाल आहे, याचा अर्थ बाहेरचे काहीतरी हलले. खालच्या बहुतेक पायऱ्या या बाहेरच्या गोष्टी एकेक करून जागच्या जागी बांधण्याच्या आहेत.

उदाहरण म्हणून समजा तुमची टीम कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांसाठी बुकिंगची सेवा चालवते. पायथनमध्ये लिहिलेली, डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमवर आधारलेली इमेज, बिल्ड गिटहब अ‍ॅक्शन्सवर. जुलैत बिल्ड अर्धा दिवस अडली तर कुणाला कळणारही नाही. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मात्र हॉटेलवाले फोन ठेवत नाहीत, आणि दुरुस्ती तासाभरात वर जावी लागते. आपली तयारी त्या आठवड्यासाठी.

पायरी १: पायाची इमेज बांधून ठेवा

डॉकरफाइलची, म्हणजे इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलची, पहिली ओळ बहुतेक ठिकाणी 'पायथन:३.१२-स्लिम' अशा धर्तीची असते. कोलननंतरचा भाग म्हणजे टॅग, आणि टॅग हलतो. आज तो ज्या इमेजकडे बोट दाखवतो, महिन्याने त्याच इमेजकडे दाखवेलच असे नाही. 'लेटेस्ट' टॅगबद्दल हे सगळ्यांनी ऐकलेले असते. आवृत्तीचा आकडा लिहिला की आपण सुरक्षित झालो, असा समज मात्र पक्का असतो, आणि तो चुकीचा आहे.

ताजे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, प्रसिद्ध झाले. त्यानंतर पायथनच्या अधिकृत इमेजचे साधे 'स्लिम' टॅग बुकवर्मवरून (डेबियन १२) ट्रिक्सीवर गेले. पायथनची आवृत्ती तीच, टॅगची अक्षरे तीच, खालची अख्खी ऑपरेटिंग सिस्टम वेगळी. ओपनसीव्ही या चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीसाठी 'लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स' बसवणाऱ्या डॉकरफाइल यात अडकल्या, कारण ते पॅकेज बुकवर्ममध्ये होते आणि ट्रिक्सीत नाही. (नुसते 'लिबजीएल१' लिहिले की काम होते.)

म्हणून दोन गोष्टी करा. टॅगमध्ये डेबियनचे नाव घाला: '३.१२-स्लिम-बुकवर्म'. आणि त्यापुढे 'अ‍ॅट' चिन्ह देऊन डायजेस्ट जोडा. डायजेस्ट म्हणजे 'शा२५६' आणि त्यापुढची ६४ अक्षरांची ओळख. ती इमेजच्या मजकुरावरूनच काढलेली असते, त्यामुळे आत एक बाइट बदलला तरी ती बदलते. डायजेस्ट लिहिला की रजिस्ट्री तुम्हाला तीच इमेज देईल किंवा चूक दाखवेल. तिसरी शक्यता राहत नाही.

इथे नवे लोक हमखास एका ठिकाणी अडखळतात. एका टॅगखाली वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळ्या इमेज असतात आणि त्या सगळ्यांची मिळून एक यादी असते. त्या यादीलाही स्वतःचा डायजेस्ट असतो. तुमचा लॅपटॉप अ‍ॅपलच्या एम-मालिकेतला असेल आणि तुम्ही चुकून फक्त आर्म६४च्या इमेजचा डायजेस्ट उचललात, तर सीआयच्या एएमडी६४ रनरवर (बिल्ड चालवणाऱ्या यंत्रावर) 'एक्झेक फॉर्मॅट एरर' येईल. 'डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट' चालवा. वरच जो डायजेस्ट दिसतो तो यादीचा असतो, तो घ्या.

बांधले की सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, हे विसरू नका. दोन वर्षे त्याच डायजेस्टवर बसलेली इमेज 'भरवशाची' नव्हे, कुजलेली असते. रेनोव्हेट किंवा डिपेन्डाबॉट यांपैकी नव्या आवृत्त्या शोधणारे एखादे साधन लावून द्या. नवा डायजेस्ट आला की ते पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, उघडते, बिल्ड चालते, हिरवी झाली तर तुम्ही ती आत घेता. बदल येतोच, पण तुमच्या दारातून येतो आणि गिटच्या इतिहासात त्याची तारीख राहते.

हाच नियम वर्कफ्लोमध्ये, म्हणजे सीआयच्या पायऱ्यांच्या फाइलीत, वापरलेल्या इतरांच्या तयार अ‍ॅक्शन्सना लावा. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-अ‍ॅक्शन्स/चेंज्ड-फाइल्स' या बऱ्याच वापरात असलेल्या अ‍ॅक्शनचे टॅग हल्लेखोरांनी घातक कोडकडे वळवले आणि बिल्डमधली गुपिते लॉगमध्ये छापली गेली. ज्यांनी टॅगऐवजी आधीच्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश लिहिला होता, त्यांच्याकडे जुनाच, चांगला कोड चालत राहिला.

पायरी २: लायब्ररींना कुलूप

मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (नोडच्या पॅकेजांच्या कोठारातून) काढून घेतले आणि जगभरच्या बिल्ड धडाधड पडल्या. त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. तरी मुद्दा उरतोच: तुमच्या बिल्डमध्ये कुणाकुणाचे काय शिरते आहे, याची लेखी यादी तुमच्याकडे हवी.

नोडमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी 'एनपीएम सीआय' वापरा. लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) आणि पॅकेज फाइल जुळत नसेल तर ती मुकाट्याने दुरुस्ती करत नाही, सरळ थांबते. सीआयमध्ये हेच हवे. पायथनमध्ये 'पिप-कंपाइल'ने हॅशसकट रिक्वायरमेंट्स फाइल तयार करा आणि पिपला 'रिक्वायर-हॅशेस' सांगा. 'यूव्ही' वापरत असाल तर त्याची लॉक फाइल गिटमध्ये ठेवा. कुठले साधन निवडता याला फारसे महत्त्व नाही. लॉक फाइल गिटइग्नोरमध्ये गेलेली नाही ना, हे मात्र पाहा. हे प्रकार घडतात.

डेबियनच्या पॅकेजांचे गणित उलटे आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर. उत्साहाच्या भरात काही जण 'एपीटी'लाही (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनालाही) नेमकी आवृत्ती बांधतात: कर्लची अमुक आवृत्ती, ओपनएसएसएलची अमुक. पुढच्या सुरक्षा-दुरुस्तीबरोबर डेबियनच्या आरशांवरून (पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांवरून) जुनी आवृत्ती निघून जाते आणि तुमची बिल्ड "अशी आवृत्ती नाही" म्हणून पडते. म्हणजे स्थिरतेसाठी केलेला उपायच ती पाडतो. नेमकी आवृत्ती हवीच असेल तर डेबियनचा स्नॅपशॉट संग्रह आहे, त्यात अमुक दिवशीचा साठा जसाच्या तसा मिळतो. तो संथ असतो. छोट्या टीमने पायाचा डायजेस्ट बांधावा आणि एपीटीला मोकळे सोडावे, असे माझे मत आहे.

आयुष्य संपलेल्या ऑपरेटिंग सिस्टमवर बसू नका, एवढे मात्र कटाक्षाने पाळा. सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली, त्याचा आरसे शोधून देणारा पत्ताही बंद झाला आणि त्या पायावरच्या बिल्ड एका रात्रीत 'यम' या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेपाशी अडकल्या. मुदतीच्या तारखा वर्षानुवर्षे आधी जाहीर असतात. टीमच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

पायरी ३: नेटवर्क कधीतरी दगा देणारच

डॉकर हबने, म्हणजे डॉकरच्या सार्वजनिक रजिस्ट्रीने, नोव्हेंबर २०२० पासून इमेज ओढण्यावर मर्यादा आणली. तेव्हा ठरलेले आकडे असे: लॉगिन न करता एका आयपी पत्त्यावरून ६ तासांत १०० वेळा, मोफत खात्याने लॉगिन करून २०० वेळा. आकडे बदलत असतात, सध्याचे त्यांच्या दस्तऐवजात पाहून घ्या. 'एका आयपी पत्त्यावरून' हे शब्द मात्र नीट वाचा. पणजीतल्या पाटोवरच्या एखाद्या सामायिक कार्यालयात सात-आठ कंपन्या एकाच जोडणीवर बसतात आणि बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. तुमचा रनर तिथेच, ऑफिसातल्या यंत्रावर चालत असेल, तर शेजारच्या टेबलावरच्यांनी मर्यादा संपवली की '४२९' (फार वेळा मागितले) ही चूक तुमच्या बिल्डला येते.

उपाय सोप्यापासून अवघडाकडे: सीआयमध्ये डॉकर हबला लॉगिन करा. त्याने भागत नसेल तर लागणाऱ्या पाच-सहा पायाच्या इमेज तुमच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत उतरवून घ्या आणि तिथूनच ओढा. ऑफिसात रनर असेल तर 'रजिस्ट्री' ही अधिकृत इमेज मधली साठवण म्हणून चालवता येते: पहिल्यांदा ती हबवरून आणते, पुढच्या वेळी स्वतःकडचे देते. डॉकर डेमनच्या सेटिंगमधला 'रजिस्ट्री-मिरर्स' हा पर्याय फक्त डॉकर हबसाठी लागू होतो, हे लक्षात ठेवा. इतर रजिस्ट्रीच्या इमेज त्यातून जात नाहीत.

आता 'कर्ल', म्हणजे नेटवरून फाइल उतरवणारी आज्ञा. डॉकरफाइलमध्ये कर्लने एखादी फाइल उतरवण्याची ओळ असतेच. पलीकडच्या सर्व्हरने '४०४' (सापडले नाही) दिले तर कर्ल ते चुकीचे पान मुकाट्याने फाइलीत लिहितो आणि 'यशस्वी' म्हणून बाहेर पडतो. बिल्ड पुढे जाते, आणि पाच ओळी खाली झिप उघडताना भलतीच चूक दिसते. कर्लला नेहमी 'फेल' हा पर्याय द्या, जोडीला 'रिट्राय' द्या, आणि उतरवलेल्या फाइलचा शा२५६ तपासा. एपीटीलाही 'अ‍ॅक्वायर रिट्राइज' सांगता येते.

याचेच भावंड म्हणजे पाइप. 'कर्ल' चे उत्तर पाइपने 'टार' किंवा 'बॅश'ला देणाऱ्या ओळीत निकाल फक्त शेवटच्या आज्ञेचा धरला जातो. कर्ल अर्ध्यात मेला आणि बॅशला रिकामा मजकूर मिळाला, तर बॅश आनंदाने शून्य परत करतो. डॉकरफाइलमध्ये वरच 'शेल' सूचना देऊन बॅश आणि 'पाइपफेल' निवडा.

पुन्हा प्रयत्न करण्याची सोय नेटवर्कच्या पायऱ्यांनाच द्या. अख्खी बिल्ड 'पडली तर तीनदा चालव' असे लावून देणे मोहक वाटते, पण त्याने चाचण्यांमधल्या खऱ्या, अधूनमधून डोके काढणाऱ्या चुका झाकल्या जातात. त्या चुका मग नेमक्या २८ डिसेंबरला हॉटेलच्या काउंटरवर भेटतात.

पायरी ४: कॅशेवर किती विश्वास ठेवायचा

डॉकर प्रत्येक सूचनेचा एक थर ठेवतो. सूचना आणि तिचे इनपुट बदलले नसेल तर जुना थर वापरतो; हीच कॅशे. म्हणून लॉक फाइल आधी कॉपी करा, लायब्ररी बसवा, आणि मग बाकीचा कोड कॉपी करा. एक ओळ बदलली म्हणून सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरवायला नकोत. उतरवणे कमी म्हणजे नेटवर्कने पडण्याच्या संधीही कमी. डॉकरइग्नोर फाइलही ठेवा, म्हणजे गिटचा फोल्डर आणि स्थानिक कचरा आत जाऊन कॅशे उगाच मोडणार नाही.

'एपीटी-गेट अपडेट' आणि 'एपीटी-गेट इन्स्टॉल' एकाच रन सूचनेत लिहा. वेगळे लिहिले तर अपडेटचा थर महिनोन्‌महिने कॅशेत राहतो. मग तुम्ही इन्स्टॉलच्या ओळीत एक पॅकेज वाढवता आणि डॉकर शिळी यादी घेऊन आता अस्तित्वात नसलेल्या फाइली मागतो. लॉगमध्ये एपीटीच्या ओळीवर '४०४' दिसले तर आधी इथे पाहा.

आठवड्यातून एकदा 'नो-कॅश' आणि 'पुल' हे दोन्ही पर्याय देऊन कोऱ्या पाटीवर बिल्ड करा. रोजची बिल्ड कॅशेच्या जोरावर हिरवी असते आणि शून्यापासून बांधता येत नाही, हे ज्या दिवशी रनर बदलतो त्या दिवशी कळून उपयोग नाही. मोकळ्या सोडलेल्या एपीटीच्या सुरक्षा-दुरुस्त्याही याच फेरीत इमेजमध्ये येतात.

पायरी ५: यंत्र

गिटहबचे रनर वापरत असाल तर ही पायरी चाळून पुढे जा. पैसे वाचवायला टेबलाखाली एक यंत्र ठेवले असेल, तर वाचा.

डिस्क भरते. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आले की 'डॉकर सिस्टम डीएफ'ने काय साठले ते पाहा, आणि 'डॉकर बिल्डर प्रून' रोज रात्री वयाच्या अटीसह चालवा, म्हणजे ताजी कॅशे राहील. मेमरी संपते. प्रक्रिया १३७ या कोडने मेली तर ती बहुतेक वेळा कर्नलने मेमरीसाठी मारलेली असते. एकाच वेळी दोन बिल्ड चालू देऊ नका किंवा रॅम वाढवा.

आणि वीज. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आपल्याकडे काय होते ते सांगायला नको. यूपीएस हवाच, आणि तो रनरला आणि राउटरला, दोघांनाही हवा. राउटरचा विसर पडतो. दिलासा असा की इमेज वर चढवताना वीज गेली तरी रजिस्ट्रीत अर्धवट इमेज टॅगवर बसत नाही. आधी थर चढतात, त्यांची यादी सर्वांत शेवटी, आणि टॅग त्या यादीबरोबरच हलतो. तोवर जुनी इमेज जागेवर असते. पण एकाच इमेजला दोन टॅग लावत असाल तर एक हललेला आणि दुसरा जुनाच, असे होऊ शकते. जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी मेलेली असेल तर वीज परतल्यावर घड्याळ भलतेच वर्ष दाखवते आणि प्रत्येक जोडणी 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' म्हणून नाकारली जाते. लोक तासभर फायरवॉल तपासत बसतात. आधी 'डेट' टाइप करून पाहा.

पायरी ६: हिरवी आहे, पण चालते का

इमेज तयार होणे आणि इमेज चालणे यांत अंतर आहे. बिल्ड झाल्यावर त्याच वर्कफ्लोमध्ये कंटेनर सुरू करा, आरोग्य-तपासणीचा पत्ता मागा, ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही तर बिल्ड पाडा. वीस ओळींचे काम आहे. माझ्या मते या अख्ख्या लेखातली सर्वांत फायद्याची पायरी हीच. फक्त एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा.

इमेजला गिट कमिटचा हॅश टॅग म्हणून लावा. चाचणीत उत्तीर्ण झालेली इमेज जशीच्या तशी, त्याच डायजेस्टने, प्रॉडक्शनला न्या. प्रॉडक्शनसाठी पुन्हा बिल्ड करू नका, कारण मधल्या दोन तासांत जग हलले असू शकते आणि तुम्ही तपासलेली वस्तू वेगळी, चालवलेली वेगळी असे होईल.

गुपिते (पासवर्ड, टोकन) डॉकरफाइलच्या 'आर्ग' सूचनेतून देऊ नका. 'डॉकर हिस्टरी'ने ती कुणालाही वाचता येतात. बिल्डकिटचे 'सीक्रेट माउंट' त्यासाठीच आहे. टोकनांना मुदत असते, ती कधी संपते हेही त्याच कॅलेंडरमध्ये लिहा.

पायरी ७: वेळापत्रक आणि चवथ

साप्ताहिक बिल्ड सोमवारी पहाटे २ वाजता चालावी असे ठरवलेत आणि क्रॉनमध्ये (वेळापत्रकाच्या ओळीत) सरळ २ लिहिलेत, तर ती सकाळी साडेसातला सुरू होईल, कारण गिटहब अ‍ॅक्शन्स ती वेळ मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरते. भारतीय वेळेतले सोमवारचे पहाटेचे २ म्हणजे यूटीसीत रविवारचे २०:३०. वारही मागे जातो, तो लिहायचा राहून जातो. तासाच्या ठोक्यावर गर्दी असते आणि काम उशिरा सुटते, म्हणून ३० ऐवजी ३७ असा आडनिडा मिनिट निवडा. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर ठरलेले वर्कफ्लो आपोआप बंद होतात, हेही माहीत असू द्या.

जॉबला वेळेची मर्यादा घाला. गिटहबची मुळातली मर्यादा ६ तासांची आहे, आणि दहा मिनिटांची बिल्ड कुठेतरी लटकली तर दिवसभर कुणाला पत्ता लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटे पुरे.

बिल्ड पडल्याचा निरोप जिथे माणसे खरेच पाहतात तिथे पाठवा. पण पडलेल्या बिल्डचा निरोप येतो, न चाललेल्या बिल्डचा येत नाही. चवथीला (गणेश चतुर्थीला) अर्धे ऑफिस गावी, घरोघर माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधण्याची गडबड, आणि इकडे रनर बंद पडलेला असला तर सगळे शांत आणि म्हणून सगळे ठीक वाटते. यासाठी उलटा पहारा लावा: यशस्वी बिल्डने शेवटी एका देखरेख-सेवेला खूण द्यायची, आणि आठ दिवसांत खूण आली नाही तर त्या सेवेने ओरडायचे. ज्या दिवशी हे लावाल त्या दिवशी रनर मुद्दाम बंद ठेवून ओरड खरेच येते का ते पाहा.

पडलीच तर

पहिला प्रश्न: तोच कमिट पुन्हा चालवला तर हिरवा होतो का? झाला तर नेटवर्क किंवा यंत्र पाहा, आणि घटना एका साध्या फाइलीत तारखेसह नोंदवा. तीच ओळ महिन्यात तिसऱ्यांदा आली तर ते नशीब नव्हे, काम आहे. तिकीट काढा. पुन्हाही लाल राहिला, तर शेवटचा हिरवा कमिट चालवून पाहा. तोही लाल असेल तर बाहेरचे काहीतरी हलले आहे: दोन्ही लॉग शेजारी ठेवा आणि पायाचा डायजेस्ट, एपीटीने उतरवलेल्या आवृत्त्या, रनरच्या इमेजची आवृत्ती या क्रमाने ताडून पाहा. तो हिरवा झाला तर दोष तुमच्याच बदलात आहे, आणि 'गिट बायसेक्ट' तुम्हाला थेट त्या कमिटपाशी नेईल.